म्हाळ ते म्हाळ : एका भाऊकीची वंशावळ लिहिताना

सर्वपित्री अमावास्येला, 14 ऑक्टोबर 2023 रोजी, पहिली वही उघडली. पुढच्या सर्वपित्रीला, 2 ऑक्टोबर 2024 रोजी, तयार तक्ता भाऊकीसमोर वाचला. मधल्या साडेअकरा महिन्यांत काय केलं, कुठं अडलं, किती थांबावं लागलं आणि किती पैसे गेले ते क्रमानं लिहितो आहोत. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात बरेच जण वंशावळ करायला घेतात, पणजोबांपर्यंत येतात आणि पुढं कागद मिळत नाहीत म्हणून वही मिटतात. कागद बहुतेकदा असतात, पण भलत्याच कचेरीत.

आमचं वंशावळ मंडळ सहा जणांचं. शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी, भूमापन खात्यात उभी नोकरी केलेले एक काका, कानडी सराईत लिहिणारे दोघे आणि संगणकाची बाजू बघणारे दोघे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी देवळात बसतो. हे घराणं आमच्याकडं आलं ते बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेचं, चंदगड हद्दीला लागून असलेल्या गावातलं. घरं 58, सगळी एकाच भाऊकीची, पण मूळपुरुष कोण यावर तीन मतं.

पितृपक्षात सुरुवात करण्यामागं साधं कारण आहे. म्हाळाच्या दिवसांत घरोघरी मेलेल्या माणसांची नावं निघतातच. भटजी असतील तर बाप, आजा, पणजा अशी तीन नावं घेतली जातात, आईकडचीही घेतली जातात. एरवी विचारलं तर डोकं खाजवणारा माणूस त्या दिवशी तीन पिढ्या सलग सांगतो. आम्ही घराला एक असे 58 कागद छापले. वर घरकर्त्याचं नाव, खाली भाऊ-बहिणी वयाच्या क्रमानं, प्रत्येकाची बायको किंवा नवरा, बाईचं माहेरचं नाव आणि माहेरचं गाव, कुलदैवत, देवक, आणि शेवटच्या रकान्यात ही माहिती कुणी, कधी सांगितली. हा शेवटचा रकाना कधीही सोडू नका. सहा महिन्यांनी दोन नावांत विरोध निघतो, तेव्हा कुणाकडं परत जायचं ते त्यावरूनच कळतं.

साल विचारून उपयोग नसतो. ऐंशी वर्षांची आजी साल सांगणार नाही, पण कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कोण पाळण्यात होतं ते अचूक सांगेल. तो 11 डिसेंबर 1967 चा. बहात्तरचा दुष्काळ, गांधीजी गेले ते 1948, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ते 1956, असे खांब धरून विचारायचं. त्याआधीचं असेल तर मानमोडीची साथ म्हणजे 1918, आणि गाठीचा ताप म्हणजे प्लेगची वर्षं. एकाच घरातली तीन-चार माणसं काही दिवसांच्या अंतरानं गेल्याचं कुणी सांगितलं की आधी या दोन साथींचा विचार करायचा.

पहिल्या आठवड्यात 58 पैकी फक्त 21 घरांनी कागद भरले. बाकीच्यांचा एकच प्रश्न होता, "जमिनीसाठी आलाय काय?" यात त्यांचं काही चुकलं नाही. आपल्याकडं वंशावळ हा शब्द नाडकचेरीत, म्हणजे गावगटाच्या महसूल कचेरीत, वारसाच्या कामी किंवा कोर्टातच ऐकू येतो. मग कागदावर वरच एक ओळ छापली की ही माहिती मालमत्तेच्या कामासाठी नाही आणि कुणालाही पुरावा म्हणून दिली जाणार नाही, आणि त्याखाली गावच्या दोन पंचांच्या सह्या घेतल्या. त्यानंतर तीन आठवड्यांत 54 घरं झाली. उरलेल्या चार घरांत सुनांनी माहिती दिली, पुरुषांनी शेवटपर्यंत दिली नाही.

नोव्हेंबर गेला तो गाव कुठल्या साली कुणाच्या ताब्यात होतं हे ठरवण्यात. या भागात काम करणाऱ्यानं हे पहिल्यांदा करावं, कारण कागद त्या त्या राज्याच्या दप्तरात गेलेले असतात. 1818 साली पेशवाई संपली आणि बेळगाव इंग्रजांकडं गेलं, पण बेळगाव हा वेगळा जिल्हा झाला 1836 मध्ये. मधल्या अठरा वर्षांत हा मुलूख धारवाडखाली होता, म्हणून त्या वर्षांचा कागद धारवाडच्या नावाखाली शोधावा लागतो. शहापूर आज बेळगाव शहरातली पेठ आहे, पण ते सांगली संस्थानात होतं. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं. त्यामुळं शहापूरच्या विणकराचा आणि खडे बाजारातल्या दुकानदाराचा शंभर वर्षांपूर्वीचा कागद एका ठिकाणी मिळत नाही, चालत दहा मिनिटांचं अंतर असलं तरी. मग 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा तुटून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. चंदगडच्या मुळाच्या माणसानं चंदगड आणि बेळगाव दोन्हीकडं अर्ज टाकावा.

तालुक्यांची नावंही बदललेली आहेत. जुन्या यादीत बैलहोंगल शोधलं तर मिळत नाही, तिथं संपगाव लिहिलेलं असतं. सौंदत्तीच्या ठिकाणी परसगड असतं. जिल्ह्याचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं ते 2014 मध्ये, म्हणून पुराभिलेखाच्या सूचीत बेळगाव, बेळगांव आणि इंग्रजी स्पेलिंगचं बेलगाम असं तिन्ही प्रकारे बघायचं. आम्ही एका मोठ्या कागदावर डावीकडं सालं आणि उजवीकडं राज्य, जिल्हा, तालुका, कागदाची भाषा असा तक्ता केला आणि तो भिंतीवर लावला. पुढं कुठंही अर्ज करताना आधी त्या कागदासमोर उभं राहायचं असं ठरलं.

डिसेंबरपासून उतारे. ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठी हा सगळ्यात भक्कम रस्ता. आजचा आरटीसी उतारा, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, 'भूमी' या सरकारी जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर दिसतो. त्यात नवव्या रकान्यात मालकाचं नाव आणि दहाव्या रकान्यात ती जमीन त्याच्याकडं कशी आली त्याचा नंबर असतो. बहुतेक लोक नववा रकाना बघून उतारा घडी घालून ठेवतात. वंशावळीचं काम दहाव्या रकान्यापासून सुरू होतं. तिथला एम.आर. (फेरफार रजिस्टरातला) नंबर घेऊन फेरफार, म्हणजे मालकीबदलाची नोंद, मागायचा. त्या फेरफारात आधीच्या नोंदीचा उल्लेख असतो, तो नंबर घेऊन त्याच्या मागचा मागायचा. संगणकीकरणाच्या आधीचे उतारे हाताने लिहिलेले, ते तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये. जुन्या फेरफारावर एम.ई. (फेरफार नोंदीचा) नंबर असतो. असं पायरी पायरीनं उतरत गेलं की माणूस हक्कनोंदणीच्या पहिल्या रजिस्टरापर्यंत पोचतो. मुंबई इलाख्यात त्याचा कायदा 1903 चा, गावातली रजिस्टरं त्यानंतरच्या काही वर्षांतली.

अर्ज कानडीत लागतो. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, एम.ई. नंबर आणि अंदाजे साल इतकं अर्जात असेल तर कारकून शोधू शकतो. नुसतं 'आमच्या पणजोबांचे सर्व कागद मिळावेत' असं लिहिलं तर अर्ज परत येतो, आणि ते बरोबरही आहे, कारण रजिस्टरं नंबरवारीनं बांधलेली असतात, नावावारीनं नाही. एका अर्जात चारपेक्षा जास्त नोंदी मागू नयेत. आम्ही पहिल्या अर्जात सतरा मागितल्या होत्या, तो दीड महिना हललाच नाही. तोच चार-चारच्या तुकड्यांत दिला तर पहिली नक्कल बाराव्या दिवशी मिळाली. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा बेळगावातल्या कचेऱ्यांत माणूस जागेवर भेटत नाही आणि लॉजही मिळत नाही. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी तो पंधरवडा टाळावा.

नावांच्या लेखनात फार ठेचा लागतात. मराठीत आपण यल्लाप्पा लिहितो, कानडी उताऱ्यात तोच यल्लप्पा किंवा एल्लप्पा असतो, आणि संगणकाच्या यादीत 'य' आणि 'ए' लांब लांब पडतात. कल्लाप्पाचा कल्लप्पा, भरमाचा ब्रह्मा, परशरामाचा परसप्पा. आडनाव तर कित्येक जुन्या नोंदींत नसतंच. आम्ही प्रत्येक माणसाच्या कागदावर त्याचं नाव जसं जिथं सापडलं तसंच उतरवलं, सुधारून घेतलं नाही. कानडी आकड्यांत सहा आणि नऊ घाईत सारखे दिसतात, त्यामुळं 1926 ची नोंद 1929 म्हणून वाचली जाते. शंका आली की त्याच पानावरच्या वरच्या-खालच्या नोंदींचं साल बघायचं, नोंदी क्रमानं असतात.

वारसाच्या नोंदीची भाषा एकदा कळली की मग ती वाचायला वेळ लागत नाही. अमुक खातेदार अमुक तारखेला मयत, वारस एक, दोन, तीन. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिथं एकाच भावाचं नाव लागलेलं असतं, याचा अर्थ बाकीचे भाऊ नव्हते असा होत नाही. जुन्या नोंदींत मुली जवळजवळ नसतात. वारसाहक्काचा कायदा 1956 चा, त्यानंतर त्या हळूहळू दिसायला लागतात. कर्नाटकात 1994 पासून मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मानं हिस्सा मिळाला, त्यानंतरच्या नोंदींत बहिणींची नावं नियमानं येतात, जरी पुढच्याच ओळीत हक्कसोड असली तरी. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, 'भ्रतार' म्हणजे नवरा. आणि सगळ्यात मोलाची अक्षरं 'अ.पा.क.', अज्ञान पालनकर्ता. बाप मेला आणि मुलगा लहान असेल तर त्याच्या नावापुढं 'अज्ञान, अ.पा.क. आई' असं लिहून आईचं नाव घातलेलं असतं. या भाऊकीत 1919 सालची अशी एक नोंद मिळाली. खातेदार मयत, मुलगा अज्ञान, अ.पा.क. आई गंगूबाई. मानमोडीच्या साथीनंतरचं साल. त्या घरातल्या कुणालाही या बाईचं नाव माहीत नव्हतं. तिच्या पणतवंडांना आम्ही ती नक्कल दाखवली तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही.

ज्यांची स्वतःची जमीन नव्हती त्यांच्यासाठी कुळांच्या नोंदी बघायच्या. उताऱ्यात मालकाचं नाव दुसऱ्याचं असलं तरी बाराव्या रकान्यात कसणाऱ्याचं असतं. 1974 नंतर कुळांनी सात नंबरचा फॉर्म भरून जमीन मागितली, त्यांच्या ट्रिब्युनलच्या ऑर्डरीत कुटुंबातली नावं मिळतात. ते कागद पुष्कळांच्या घरीच, पत्र्याच्या पेटीत, जपून ठेवलेले असतात. लष्करातले लोकही या पट्ट्यात खूप. दोन महायुद्धांत कामी आलेल्या शिपायांची यादी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते, त्यात पुष्कळदा बापाचं आणि गावाचं नाव असतं.

फेब्रुवारी 2024 मध्ये हेळवी आले. त्यांची वाट आम्ही सुगी संपल्यापासून बघत होतो. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी राखणारे लोक. कर्नाटकाच्या उत्तर भागात आणि आपल्याकडं सांगली-कोल्हापूरपर्यंत फिरतात. कानडीत हेळव म्हणजे पायानं अधू, पूर्वी बैलावर बसून यायचे, आता टेम्पोतून येतात. काही वर्षांच्या अंतरानं एकेका गावाला फेरी असते, इथं ते 2016 नंतर पहिल्यांदाच आले होते. त्यांचा ठावठिकाणा गावातल्या जुन्या माणसांना विचारावा, गेल्या वेळी बिदागी कुणाच्या घरी मोजली गेली तिथं बहुधा फोन नंबर असतो.

सकाळी सातला सोप्यात घोंगडं अंथरलं. घरातल्या थोरल्यानं पाय धुतले, सुपात तांदूळ आणि नारळ ठेवला. त्यांनी कापडात बांधलेली चोपडी सोडली. पानांचे कोपरे हात लागून गोल आणि काळे झालेले, शाई तीन-चार प्रकारची. जुनी नावं तपकिरी शाईत, आजोबाच्या हातची. मधली निळ्या टाकाची. गेल्या फेरीची बॉलपेनाची. वाचन कानडीत, ठेक्यात, आधी मूळ गाव, मग कुलदैवत, मग थोरल्या घरापासून एकेक नाव. एका पिढीचे सगळे भाऊ वयाच्या क्रमानं आले. हा क्रम उताऱ्यात कधीच मिळत नाही आणि थोरली पाती (शाखा), धाकटी पाती ठरवायला तोच लागतो. वाचून झालं की 2016 नंतर जन्मलेल्या मुलांची नावं त्यांनी लिहून घेतली. ती यादी आधीच तयार ठेवावी, नाहीतर आठवण्यातच दुपार होते.

चोपडीचा फोटो काढायला त्यांनी नको म्हटलं. ती त्यांची पोटापाण्याची चीज आहे, आग्रह करू नये. आवाज रेकॉर्ड करायला परवानगी दिली. आमचे दोघे कानडीवाले समोर बसून लिहीत होते, दोघांनी वेगवेगळं लिहिलं आणि संध्याकाळी ताडून बघितलं, सात नावांत फरक निघाला, तो रेकॉर्डिंगवरून सुटला. बिदागी 5,100 रुपये, शिवाय एक पोतं भात आणि एक पातेलं. ही रक्कम आधी बोलून ठरवावी, 58 घरांची असल्यामुळं कुणावर भार पडला नाही. चोपडीत दोन उणिवा असतात. सालं नसतात, आणि ज्या घरानं मधल्या फेऱ्यांना बिदागी दिली नाही त्याची फांदी तिथंच थांबलेली असते. थांबलेली फांदी म्हणजे वंश संपला असं समजू नये. आमच्या कामात अशा दोन फांद्या पुढं जिवंत निघाल्या, एक चंदगड तालुक्यात, एक मुंबईत.

मार्च ते मे काम रेंगाळलं. 7 मे 2024 ला लोकसभेचं मतदान होतं, सगळे तलाठी त्यात. आमचे अकरा अर्ज तोवर जागचे हलले नाहीत. या काळात शाळेच्या जनरल रजिस्टरांवर बसलो. मुख्याध्यापकांना पंचांचं पत्र आणि घरकर्त्याचा अर्ज दिला की ते रजिस्टर समोर ठेवून बघू देतात, पान बाहेर देत नाहीत. मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मगाव, आधीची शाळा, दाखल आणि सोडल्याची तारीख मिळते. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. शंभरातल्या कितीतरी मुलांची तारीख 1 जून असते, कारण शाळा जूनला उघडायची आणि गुरुजी वय बघून तारीख घालायचे. अशी तारीख आम्ही 'सुमारे' लावूनच घेतो. 'आधीची शाळा' हा रकाना मोठा कामाचा, कुटुंब कुठल्या गावाहून आलं ते त्यात सापडतं.

जन्म-मृत्यूच्या नोंदी 1969 च्या कायद्याप्रमाणं आहेत. कलम 17 प्रमाणं कुणालाही नोंदीचा शोध आणि उतारा मागता येतो, मृत्यूच्या उताऱ्यात फक्त कारण देत नाहीत. त्याआधीची गावची रजिस्टरं जिथं शिल्लक आहेत तिथं जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव नसतं, कारण बारशाआधीच वर्दी दिलेली. 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव, बस्स. म्हणून तारीख आणि भावंडांचा क्रम जुळवूनच ते मूल कोणतं ते ठरवावं लागतं. नोंद नाही मिळाली तर तसं पत्र मागून घ्यावं, म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा तिथं खेटे घालावे लागत नाहीत.

जूनमध्ये एका घराच्या माळ्यावरून मोडीचं पुडकं निघालं. पाऊस सुरू झाला होता, कागद दमट. अशा वेळी घड्या लगेच उलगडू नयेत. सावलीत, पंख्याशिवाय, वर्तमानपत्रावर दोन दिवस ठेवले, मग मऊ कुंचल्यानं धूळ काढून एकेक उघडला. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये, त्यातून कागद पुन्हा सोडवता येत नाही. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घेतले. मागच्या बाजूला बहुधा एका ओळीत कागदाचा विषय लिहिलेला असतो, तो घ्यायला विसरू नका. अकरा पानं कोल्हापूरच्या मोडी वाचकाकडं पाठवली, पानाला 150 रुपये, वाचन यायला 24 दिवस लागले.

त्यातला एक महजर, म्हणजे पंचांसमोर झालेल्या निवाड्याचा कागद, शेताच्या बांधावरचा. तारीख अशी, 'सु॥ समान अशर मयातैन व अलफ'. हा सुहूर सन, अरबी संख्यांच्या शब्दांत लिहिलेला. समान म्हणजे आठ, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. बेरीज 1218. त्यात 599 मिळवले की 1817 येतं. सुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून जानेवारी ते मेमधल्या कागदाला 600 मिळवायचे. फसली सन असेल तर 590 किंवा 591, शक असेल तर 78 किंवा 79. म्हणजे हा कागद 1817-18 चा, पेशवाईच्या अगदी शेवटच्या वर्षाचा. खाली गोही-साक्षीदारांची नावं, पाटलाच्या नावापुढं सही नाही, नांगराची आकृती आणि 'निशाणी नांगर'. आणि चौथ्या ओळीत 'कल्लाप्पा बिन यल्लाप्पा'. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा.

इथं सगळ्यात अवघड गाठ बसली होती. आपल्याकडं थोरल्या नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, त्यामुळं कल्लाप्पाचा यल्लाप्पा, यल्लाप्पाचा कल्लाप्पा असं चक्र चालू राहतं. भाऊकीतल्या म्हाताऱ्यांच्या सांगण्यात एक कल्लाप्पा आणि एक यल्लाप्पा होता. हेळव्यांच्या चोपडीत त्याच जागी दोन जोड्या. उताऱ्यात 1911 च्या नोंदीत कल्लाप्पा बिन यल्लाप्पा मयत, आणि 1938 च्या नोंदीत पुन्हा कल्लाप्पा बिन यल्लाप्पा मयत. एक माणूस दोनदा मरत नाही, म्हणजे कल्लाप्पा दोन होते हे नक्की. पण कुठल्या घराचा कुठला? सर्व्हे नंबर वाटणीत फिरले होते, त्यावरून लागेना. जुलैच्या बैठकीत तीन तास गेले आणि एकमत झालं नाही.

उलगडा बायकांच्या नावांवरून झाला. 1911 च्या नोंदीत वारसांमध्ये 'मल्लव्वा कोम कल्लाप्पा' होती. 1938 च्या नोंदीत 'लक्ष्मीबाई कोम कल्लाप्पा'. आणि ऑक्टोबरात भरलेल्या कागदांत दोन आज्यांनी सांगितलं होतं की त्यांच्या घरात म्हाळाला मल्लव्वाच्या नावानं वेगळी पानं वाढतात, का ते माहीत नाही. ती दोन्ही घरं थोरल्या पातीची निघाली. नुसती पुरुषांची नावं लिहिली असती तर दोन पिढ्या एकात मुरल्या असत्या आणि 1817 चा कागद आपलाच की दुसऱ्याचा हे कधी कळलं नसतं. महजरातला कल्लाप्पा हा या दोघांच्याही आधीचा, तिसरा. तो आणि 1911 चा कल्लाप्पा यांच्यामध्ये नेमक्या किती पिढ्या बसतात, याला कागद मिळालेला नाही, म्हणून तक्त्यात ती रेघ तुटक काढली आहे. पक्की रेघ फक्त कागदाला, तुटक रेघ सांगीव माहितीला, हा नियम आम्ही कुणाच्याही आग्रहाखातर मोडत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबर मांडणीत गेले. मूळपुरुषाला 1, त्याच्या मुला-मुलींना 1.1, 1.2, त्यांच्या मुलांना 1.1.1 असे नंबर दिले. नावं सारखी असली तरी नंबर वेगळा राहतो, त्यामुळं गोंधळ होत नाही. संगणकावर ग्रॅम्प्स वापरलं, ते फुकट आहे आणि देवनागरी नीट घेतं. दत्तक गेलेल्याचं नाव दोन्ही घरांत येतं, जन्माच्या घरात कंसात. दत्तक, दुसरं लग्न, सोडचिठ्ठी यांबद्दल त्या घरच्यांना आधी दाखवून मगच छापलं. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि फोन नंबर छापले नाहीत, ते एका वहीत वेगळे ठेवले आहेत.

खर्च असा झाला. नकला, अर्ज, स्टॅम्प 2,140 रुपये. बेळगाव, चंदगड, धारवाड, कोल्हापूर असा एसटीचा प्रवास 3,680. हेळव्यांची बिदागी 5,100. मोडी वाचन 1,650. साडेतीन बाय आठ फुटांचा फ्लेक्स, 28 चौरस फूट, 20 रुपयांप्रमाणं 560. पुस्तिकेच्या 70 प्रती, 45 रुपयांप्रमाणं 3,150. एकूण 16,280. घरामागं 300 प्रमाणं 17,400 जमले होते, उरलेले 1,120 पुढच्या हेळव्यांच्या फेरीसाठी देवळाच्या खात्यात ठेवले. फ्लेक्स छापण्याआधी घराघराला त्याची फांदी साध्या कागदावर दिली होती आणि आठ दिवस मुदत. 43 दुरुस्त्या आल्या, त्यातल्या 30 सुनांच्या माहेरच्या नावांच्या.

2 ऑक्टोबरला देवळासमोर तक्ता टांगला. वाचायला दोन तास दहा मिनिटं लागली. प्रत्येक पुरुषाच्या नावाबरोबर बायकोचं नाव वाचलं, जिचं सापडलं नाही तिथं 'पत्नी, नाव मिळालेलं नाही' असं वाचलं. अशा 14 जागा आहेत. गंगूबाईचं नाव आलं तेव्हा तिच्या पणतीनं ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. पुस्तिकेच्या दोन प्रती गावच्या वाचनालयात, एक शाळेत, एक हेळव्यांसाठी बांधून ठेवली आहे. त्या 14 नावांसाठी चंदगडच्या रेकॉर्ड रूममध्ये चार अर्ज दिलेले आहेत.